चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्या भाषेत पूर्वापार चालत आली आहे. ज्याचे घर एका जागी नाही, त्याची थोडी कीव आणि थोडी थट्टा तीत भरलेली आहे. परंतु काळ असा आला आहे की घरदार असलेली माणसे पैसे मोजून, काही दिवसांपुरते का होईना, असले बिऱ्हाड हौसेने भाड्याने घेऊ लागली आहेत. मोटारीच्या पोटातच बिछाने, चूल, पाण्याची टाकी व शौचकूप बसविलेले असते. तिला कोणी कॅम्परव्हॅन म्हणतात, कोणी कॅरॅव्हान म्हणतात. दिवसा ती चालते आणि रात्री तीच धर्मशाळा होते.

आमच्या एका वाचक-कुटुंबापुढे सध्या ह्याच गाडीचा प्रश्न उभा आहे. थोरला मुलगा हैदराबादेस नोकरीला असून अफझलगंज भागात राहतो. पावसाळा सरल्यावर आजी, आईवडील व दोघी बहिणी ह्यांना गावाकडून बोलावून घ्यावे, अशी गाडी भाड्याने घ्यावी आणि निर्मळ-आदिलाबादच्या रानातून किनवटपर्यंत हिंडून यावे, असा त्याचा बेत आहे. किनवट अशासाठी की आजीचे बालपण तेथे गेले. तिचे वडील त्या बाजूस रेल्वेत नोकरीला होते. आता तिचे गुडघे धरले आहेत; बसची पायरी चढवत नाही आणि रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. सहस्रकुंडाचा आवाज एकदा पुन्हा ऐकावा, एवढेच तिचे मागणे आहे. वडील आम्हांस विचारतात की, हा खर्च आणि हा खटाटोप शहाणपणाचा आहे काय? प्रश्न एका घराचा असला तरी त्याचे उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडण्याजोगे आहे, म्हणून ह्या आठवड्याची जागा आम्ही त्यास देत आहो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही कल्पना परकी नाही आणि नवीही नाही. ‘कॅरॅव्हान’ हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’, म्हणजे तांडा. अफझलगंजहून मुसी नदीच्या काठाने वर, १५७८ साली बांधलेल्या पुराण्या पुलाच्या बाजूस गेले, म्हणजे कारवान ह्याच नावाची जुनी वस्ती आजही लागते. गोवळकोंड्याच्या वैभवाच्या दिवसांत व्यापारी तेथे उतरत असत. सतराव्या शतकात गोवळकोंड्यास येऊन गेलेल्या तावेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो सरेपर्यंत गाडीवाल्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावे लागे, असेही तो सांगतो. त्या तांड्यांबरोबर बायकामुले असत, भांडीकुंडी असत. संसार सगळा वाटेवरच चालत असे. ज्या मुलखातून आमच्या वाचकांस जावयाचे आहे, तेथे त्याच बंजारा समाजाची वस्ती आजही गावोगाव आहे, आणि त्या वस्तीला ‘तांडा’ हाच शब्द राहिला आहे.

त्याच मुलखात केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची यात्रा भरते. मेश्राम कुळातील गोंड मंडळी त्यासाठी गोदावरीचे पाणी कित्येक कोस पायी चालून आणतात आणि त्यांची कुटुंबे छपराच्या बैलगाड्या जोडून येतात. वडाच्या झाडांखाली गाड्या सोडावयाच्या, तेथेच चुली मांडावयाच्या, तेथेच निजावयाचे, असा त्यांचा परिपाठ आहे. इंग्लंडात १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स ह्या आरमारातील माजी शल्यवैद्याने निव्वळ हौसेखातर ‘वाँडरर’ नावाचे दोन घोड्यांचे फिरते घर ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधवून घेतले, आणि पुढे १९५० नंतर जर्मनीत फोक्सवॅगन मोटारीत बिछाना व चूल बसविण्याची टूम निघाली. आपल्याकडे केरळ राज्याने २०२१ साली ह्या प्रकारच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि महाराष्ट्रानेही त्याच वर्षी तसे पाऊल टाकले. ह्या सर्वांहून आमची बैलगाडी वडील आहे. तेव्हा ‘आपल्यासारख्यांना हे शोभते काय’ हा संकोच मनातून काढून टाकावा. ज्यांचे आजोबा यात्रेला गाडीत भाकरतुकडा बांधून जात, त्यांना ह्यात नवे ते फक्त इंजिन.

आता व्यवहाराच्या गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असून तिच्यावर काळी अक्षरे असतात. भाडेकरूने स्वतः चालवावयाची गाडी असेल, तर पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी ही मालकाच्या खाजगी वापराची. ती स्वस्तात मिळते म्हणून कोणी भाड्याने देऊ लागला तर घेऊ नये. अपघात झाला म्हणजे विमा कंपनी ‘खाजगी गाडी भाड्याने का फिरविली’ असे विचारते आणि भरपाई अडून राहते. तेलंगणातून महाराष्ट्रात शिरावयाचे असल्यामुळे गाडीस अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे की नाही, हे भाडे ठरविण्यापूर्वीच पाहावे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाची वाहतुकीची गाडी चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. परंतु कायद्याने हात मोकळा केला, म्हणून अंगी सवय आली असे होत नाही. उंच, जड आणि वाऱ्याने झुकणारी गाडी घाटात चालविणे हे शहरात लहान मोटार चालविण्यासारखे नव्हे. मुलाने हौस आवरून सराईत चालक घ्यावा, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट मुक्कामाच्या जागेची, आणि हिचा धडा अफझलगंजाइतका दुसऱ्या कोणी दिलेला नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला. अफझलगंजचा पूल, दवाखाना, बाजार आणि काठावरच्या वस्त्या पाण्याने धुऊन नेल्या. सुमारे १५,००० माणसे मेली असे सांगतात. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या सुमारास माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही दाखवितात. पुराचा बंदोबस्त व्हावा म्हणून विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले आणि पुढे १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पुरे झाले. तरीदेखील २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस त्याच तलावांतून सोडलेले पाणी अफझलगंजजवळच्या महात्मा गांधी बस स्थानकात शिरले आणि रात्रीच्या वेळी उतारूंना बाहेर काढावे लागले. वरच्या अंगास पाऊस पडतो आणि खालच्या अंगास, जेथे आकाश निरभ्र असते तेथे, पाणी येते. नदीची ही रीत शंभर वर्षांत बदललेली नाही.

म्हणून नदीच्या पात्रात, वाळवंटात किंवा धरणाच्या खालच्या बाजूस, देखावा कितीही मनोहर असला तरी, गाडी रात्रीसाठी उभी करू नये. उंचवट्यावर, वस्तीच्या जवळ, आणि जागेच्या धन्यास विचारूनच मुक्काम करावा. पेट्रोल पंपाचे आवार, सरकारी विश्रामगृहाचे अंगण किंवा ओळखीच्या माणसाचे खळे ह्यांहून चांगली जागा नाही. वनखात्याच्या परवानगीवाचून रानात रात्र काढू नये. आदिलाबादकडील जंगलाचा मोठा भाग २०१२ पासून कव्वाल व्याघ्र प्रकल्पात मोडतो, आणि तेथे वाघाआधी कायदा आडवा येतो.

तिसरी गोष्ट हवेची. ही आम्ही अधिक स्पष्टपणे सांगू इच्छितो, कारण ह्या बाबतीत चूक झाली तर ती सुधारावयास वेळ मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अशाच एका गाडीत दोन माणसे मृत आढळली. गाडीतील जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. ह्या वायूस रंग नाही, वास नाही. माणसास गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. शेगडी, कोळसा, जनित्र, चालू ठेवलेले इंजिन, ह्यांपैकी काहीही बंद गाडीत रात्रभर ठेवणे म्हणजे मृत्यूस अंथरुणात जागा देणे होय. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी घ्यावी. आदिलाबादेस हिवाळ्यात थंडी कडक पडते, तेव्हा ती आधीच बांधून न्यावी. स्वयंपाकाचा वायू तर हवेपेक्षा जड असतो. तो गळला म्हणजे वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि जमिनीलगतच मुले निजलेली असतात. म्हणून रात्री टाकीची कळ बंद केल्यावाचून आणि दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्यावाचून कोणी पाठ टेकू नये.

चौथी गोष्ट वरवर लहान दिसते, पण आमच्या मते सर्वांत मोठी आहे. वडिलांच्या पत्राखाली मुलांच्या आईने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे: “चाकांवरचे घर म्हणजे मला चाकांवरची चूलच ना?” त्या माउलीने प्रश्नाच्या मर्मावर बोट ठेवले आहे. घर बरोबर न्यावयाचे म्हणजे घरातील कामही बरोबर जाते. वडील खिडकीतून डोंगर पाहतील, मुली छायाचित्रे काढतील, आजीस गार वारा लागेल, आणि आई मात्र अडीच हात जागेत, हलत्या जमिनीवर, नेहमीच्याच सहा माणसांसाठी नेहमीच्याच पोळ्या लाटील. घरी निदान ओटा स्थिर असतो आणि शेजारीण तरी हाकेच्या अंतरावर असते. अशी सहल घराला विसावा देत नाही. पाच जणांच्या विसाव्याचा भार ती सहाव्या जीवावर टाकते.

ह्याला उपाय आहे, पण तो निघण्यापूर्वी ठरवावा लागतो. वाटेवर तो आपोआप सुचत नाही. सकाळचा चहा व न्याहारी गाडीत व्हावी आणि ती मुलाने व वडिलांनी करावी. दुपारचे जेवण वाटेवरच्या खाणावळीत घ्यावे. रात्रीची खिचडी दोघी मुलींकडे असावी. घरून निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा व लाडू असा टिकाऊ शिधा घ्यावा. उरलेले वाणसामान अफझलगंजच्या बाजारात मिळते आणि ते आणण्याचे काम तेथे राहणाऱ्या मुलाचे. भांडी घासण्याची पाळी कागदावर लिहून गाडीच्या दारास लावावी. त्या कागदावर आईचे नाव नसावे. कोणास हे हसण्याजोगे वाटेल. परंतु जे घर सहा दिवस तिच्यावाचून चूल पेटवू शकत नाही, त्याने सहलीचा विचार पुढे ढकलून आधी चुलीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पाचवी गोष्ट पाण्याची. समजा, गाडीची टाकी १०० लिटरची आहे. घरची सहा आणि चालक मिळून सात माणसे धरली, तर दर डोई १४ लिटर आली. त्यात हात-तोंड धुणे, भांडी व शौचकूप हे सर्व भागवावयाचे आहे. विहिरीवर भरभरून अंघोळ करणाऱ्यास ते जमणार नाही. अंघोळी मुक्कामाच्या जागी कराव्या, पिण्याचे पाणी वेगळे भरावे आणि रोज टाकी भरावयाची जागा आधी हेरून ठेवावी. शौचकुपाची टाकी कोणाच्या शेतात वा ओढ्यात रिकामी करू नये. ज्या ओढ्यात आपण घाण सोडतो, त्याचेच पाणी पुढच्या गावातील बाई हंड्यात भरते.

आता मार्ग पाहू. सोमवारी निघावे व शनिवारी परत यावे, म्हणजे रविवार वाटेवर पडत नाही आणि गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये सर्वांना मिळून मिस्सेस जाता येते. सोमवारी पहाटे पाचला, शहरातील गर्दी सुरू होण्यापूर्वी, अफझलगंज सोडावे. कामारेड्डीवरून सुमारे १९० किलोमीटरवर गोदावरीवरील श्रीरामसागर धरण लागते. ह्याची कोनशिला पंडित नेहरूंनी १९६३ साली बसविली. अशा जड गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटर धरला, तर ही सव्वाचार तासांची चाल झाली. विसावे धरून दुपारी बारापर्यंत पोहोचता येते. पहिल्या दिवशी ह्याहून पुढे जाऊ नये. मंगळवारी निर्मळ पाहावे. तेथील हलक्या लाकडाची रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत. घरी राहिलेल्यांसाठी तीच भेट न्यावी, कारण त्या पैशाने कारागिराची चूल पेटते. मग सागवानी जंगलाचा घाट चढून धबधब्यांच्या बाजूस जावे. कुंतालाचा धबधबा उंच आणि देखणा असला तरी तेथे पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तेथील डोहात बुडून अनेकांचे प्राण गेले आहेत. आजीसह जाणाऱ्यांनी त्या मानाने सुगम असा पोचेराचा धबधबा पाहून आदिलाबादेस मुक्काम करावा. तेथील बाजारात मराठी कानी पडू लागते आणि घर जवळ आल्यासारखे वाटते.

बुधवारी किनवट गाठावे. गुरुवारचा दिवस अख्खा सहस्रकुंडासाठी राखावा. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली येते. पावसाळ्यातील रौद्र रूप नोव्हेंबरात उरत नाही, परंतु आजीने लहानपणी ऐकलेला आवाज ओळखू येण्याइतके पाणी पडत असते, आणि काठावर जाण्यास तोच काळ बरा. त्या दिवशी कोणी घड्याळाकडे पाहू नये. शुक्रवारी भोकर व भैंसा ह्या वाटेने गोदावरीकाठच्या बासरला यावे आणि शनिवारी सुमारे २०० किलोमीटरची परतीची चाल करावी.

सहावी गोष्ट चालकाची. तो आपल्या घरचा नाही, म्हणून त्याची झोपही आपल्या हिशोबात धरावयाची नाही, असे पुष्कळ लोक वागतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसास ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असा दंडक घालून दिला होता. कायदे बदलतात, पण डोळ्यांवर येणारी झापड बदलत नाही. गाडीत सहाच बिछाने असतील तर सातव्या माणसाने स्टिअरिंगवर डोके टेकून रात्र काढावी, हे न्यायाचे नाही आणि आपल्या जिवासही हिताचे नाही. त्याच्यासाठी मुक्कामाच्या गावी खोली घ्यावी, आणि जेवताना त्याला पंगतीत बसवावे. रात्री गाडी चालवावयाची नाही, हे त्याला निघतानाच सांगावे. म्हणजे तो ‘पोहोचवतो की’ असे म्हणणार नाही आणि आपणही ‘चल की’ असे म्हणणार नाही.

राहिला खर्च. गाडीवाल्याकडून पाच आकडे लिहून घ्यावे: दिवसाचे भाडे, त्यात किती किलोमीटर मोफत, पुढील प्रत्येक किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता व अनामत रक्कम. त्यांत डिझेल, पथकर व चालकाची खोली मिळवावी. मग शेजारच्या रकान्यात दुसरा हिशोब मांडावा: साधी जीपगाडी सहा दिवस, दोन खोल्या पाच रात्री, आणि जेवण. बहुतेक ठिकाणी दुसरा रकाना हलका भरेल, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. आणि त्याहून हलका तिसरा रकाना आहे, तो बसचा. ह्याच परिसरात, गौलीगुडा येथे, १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्या व १६६ नोकरांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. विमान ठेवण्याच्या ज्या लोखंडी छपराखाली त्या गाड्या उभ्या राहात, ते छप्पर २०१८ च्या जुलैत कोसळले, पण बस चालूच आहे, आणि बहुतेक कुटुंबांना तिने दाखविलेले जग पुरेसे रमणीय आहे.

मग ह्या कुटुंबाने काय करावे? आमचा कौल असा आहे. धडधाकट माणसांची हौस एवढेच कारण असते, तर आम्ही बसकडे बोट दाखविले असते. परंतु येथे एक म्हातारी आहे, जिला रात्री तीन पावलांवर शौचकूप हवे, दिवसा पाय पसरावयास जागा हवी, आणि जिच्यासाठी ‘पुढच्या वर्षी’ ह्या शब्दांचा भरवसा कोणास देता येत नाही. तिच्यासाठी ह्या गाडीतील बिछाना ही चैन नव्हे. तेव्हा तीन अटींवर जावे: पैसा साठविलेला असावा, काढलेला नसावा; चुलीची पाळी कागदावर आधी लिहिलेली असावी; आणि चालकाची झोप ठरलेली असावी. पैशाची अट पुरी होत नसेल, तर गाडीचा नाद सोडावा, चार दिवसांची साधी जीप करावी, खोल्या घ्याव्या, आजीस थेट किनवटला न्यावे आणि निर्मळचा घाट दुसऱ्या खेपेस ठेवावा. बाकी दोन अटी पुऱ्या करण्यास पैसा लागत नाही, तेव्हा त्या चुकविण्यास निमित्तही नाही.

आणखी एक सुचवून लेखणी ठेवतो. गाडी ठरविण्यापूर्वी मुलाने आजीला गाडीचा जिना चढून पाहू द्यावा. ह्या गाड्यांचा जिना अनेकदा अरुंद व उंच असतो. सगळा हिशोब जुळला आणि जिच्यासाठी हे सर्व करावयाचे तिचे पाऊलच पहिल्या पायरीवर अडले, असे होऊ नये.